दुसरा बाण : खेळाडूच्या मनाच्या कणखरपणाविषयी

सप्टेंबर 2023 मध्ये मेक्सिकोतील हर्मोसिलो या शहरी तिरंदाजीच्या विश्वचषकाची अखेरची फेरी झाली. कंपाउंड धनुष्याच्या पुरुष गटात अंतिम लढतीसाठी उभा होता आपल्या बुलढाण्याचा प्रथमेश जावकर. त्याच वर्षी मे महिन्यात शांघाय येथे त्याने नेदरलँड्सच्या माईक श्लोएसर या जगातील अव्वल तिरंदाजाला 149-148 असे एका गुणाने हरवून विश्वचषकाचे सुवर्ण जिंकले होते. हर्मोसिलोला त्याच्यासमोर डेन्मार्कचा मथियास फुलरटन होता. पंधरा बाण झाले तेव्हा दोघांचेही गुण 148. मग निर्णयासाठी प्रत्येकी एक बाण. दोघांचेही बाण दहाच्या वर्तुळात गेले. परंतु फुलरटनचा बाण केंद्राच्या अधिक जवळ होता. प्रथमेशला रौप्यपदकावर समाधान मानावे लागले.

या लढतीत चूक अशी काही घडलीच नव्हती. पन्नास मीटर अंतरावर आठ सेंटिमीटर व्यासाचे, म्हणजे साधारण एका संत्र्याएवढे, दहाचे वर्तुळ असते. प्रत्येक बाणासाठी वीस सेकंद मिळतात. एवढ्या वेळात बाण चढवायचा, दोरी ताणायची, श्वास स्थिर करायचा, नेम धरायचा आणि सोडायचा. निर्णायक बाणही दहात जाऊन सुवर्ण हुकते, तेव्हा त्या खेळाडूच्या मनाचे काय होत असेल? याचे उत्तर महिनाभराच्या आत मिळाले. ऑक्टोबरमध्ये चीनमधील हांगचौ येथील आशियाई क्रीडा स्पर्धेत अभिषेक वर्मा, नागपूरचा ओजस देवतळे आणि प्रथमेश या तिघांच्या भारतीय संघाने दक्षिण कोरियाला 235-230 असे हरवून सांघिक सुवर्ण पटकाविले.

खामगावहून बुलढाणा एस.टी.च्या दीड-दोन तासांच्या अंतरावर आहे. म्हणजे हा मुलगा आपल्याच जिल्ह्याच्या मातीतला, आपल्यासारखाच वैशाखातले ऊन सोसलेला. म्हणूनच स्मरणिकेसाठी लिहिण्याचा आग्रह झाला, तेव्हा आम्ही हा विषय निवडला. आम्ही इतिहासाचे शिक्षक आहोत, क्रीडाशिक्षक नव्हे. परंतु निवासी शाळेत शिक्षकाला एकाच विषयापुरते राहता येत नाही. सायंकाळी मैदानावर मुले असतात, रात्री वसतिगृहात तीच मुले आमच्यासमोर बसलेली असतात, आणि दिवसा हरलेला सामना रात्री त्यांच्या जेवणाच्या ताटात दिसतो.

आपल्याकडे कणखर मन म्हणजे काय, याविषयी बराच गोंधळ आहे. रडू नये, दुखले तरी सांगू नये, भीती वाटली तरी कबूल करू नये, अशा नकारांच्या यादीलाच आपण कणखरपणा म्हणत आलो. क्रीडामानसशास्त्र मात्र वेगळे सांगते. भीती सर्वांनाच वाटते, जगज्जेत्यालाही. सामन्यापूर्वी छाती धडधडते, तळहात ओले होतात, पोटात कालवते. शरीर झुंजीसाठी सज्ज होत असल्याची ती खूण असते. 1908 मध्ये यर्क्स आणि डॉडसन या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी उंदरांवर प्रयोग करून दाखविले की, उत्तेजना वाढते तशी एका मर्यादेपर्यंत कामगिरी सुधारते. ती मर्यादा ओलांडली की घसरू लागते. काम जितके नाजूक तितकी ही मर्यादा लवकर येते. पुढे हेच सूत्र माणसांना व खेळांना लावण्यात आले. म्हणूनच कबड्डीतील पकड करताना जेवढा जोश चालतो, तेवढा बाण सोडताना चालत नाही. कणखर खेळाडूला हा पारा वर-खाली करता येतो. धडधड त्यालाही होते, पण ती त्याला गोंधळवीत नाही.

मोक्याच्या क्षणी हात का कापतो, याचेही कारण सांगता येते. हजार वेळा केलेली हालचाल शरीराला पाठ झालेली असते. सायकल चालविणाऱ्याला तोल कसा सांभाळतो असे विचारले, तर तो विचार करू लागतो आणि नेमका तेव्हाच डगमगतो. शेवटच्या मिनिटाला खेळाडूचे मन ‘हरलो तर काय’ या प्रश्नाकडे धावते, किंवा आपल्याच हातापायांवर पहारा ठेवू लागते. दोन्ही वेळा शरीराचे पाठांतर बिघडते. यावर उपाय म्हणून जगभरचे प्रशिक्षक खेळाडूला एक ठरावीक क्रम लावून देतात. पाय अमुक अंतरावर ठेवायचे, एक दीर्घ श्वास घ्यायचा, मनात एकच शब्द उच्चारायचा, मग कृती. सामना गल्लीतला असो की ऑलिंपिकचा, क्रम बदलायचा नाही. मनाला काम दिले की ते भटकत नाही, एवढेच यामागचे साधे तत्त्व.

पॅरिस ऑलिंपिकमध्ये 2024 साली कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने 50 मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात 451.4 गुणांसह कांस्यपदक मिळविले, ते याच पद्धतीने. गुडघ्यावर बसून नेमबाजी झाली तेव्हा तो पहिल्या तिघांत नव्हता. झोपून नेमबाजी झाली तेव्हाही नव्हता. उभ्याने नेम धरण्याचा तिसरा आणि सर्वांत अवघड टप्पा आला, आणि तेथे तो वर चढला. रेल्वेत तिकीट तपासनीस म्हणून नोकरी करणाऱ्या या तरुणाने पहिल्या ऑलिंपिकसाठी बरीच वर्षे वाट पाहिली होती. वाट पाहणे हेही एक प्रशिक्षण असते, असे आम्हांस वाटते. पण ते कोणावर लादू नये.

हे सारे आधुनिक मानसशास्त्राचे झाले. बौद्ध वाचकांना मात्र यातील बऱ्याच गोष्टी ओळखीच्या वाटतील. संयुत्तनिकायातील सल्लसुत्तात तथागतांनी दोन बाणांची उपमा दिली आहे. माणसाला एक बाण लागतो. त्याची वेदना होते. ती बुद्धांनाही होते, अरहंतांनाही होते. परंतु मनाची साधना नसलेला माणूस त्या वेदनेवर शोक करतो, छाती बडवतो, स्वतःला कोसतो, आणि त्यामुळे त्याला जणू दुसरा बाण लागतो. पहिला बाण टाळणे आपल्या हाती नसते. दुसरा बाण मात्र आपण स्वतःच स्वतःवर सोडत असतो. हर्मोसिलोची लढत आम्हांस या सुत्ताशिवाय आठवतच नाही. पंच केंद्रापासूनचे अंतर मोजतात, रौप्य हाती येते, हा पहिला बाण. ‘मी नालायक आहे, माझ्याच्याने होणार नाही’ हा दुसरा. प्रथमेशच्या मनात त्या रात्री काय चालले होते ते त्याचे त्याला ठाऊक. हांगचौला मात्र त्याचा हात स्थिर होता.

दुसरी गोष्ट सोण कोळिविसाची. राजगृहाजवळच्या शीतवनात हा श्रीमंत घरचा तरुण भिक्खू चंक्रमण करीत राहिला, इतका की तळपाय फुटून रक्त वाहू लागले. एवढे करूनही मुक्ती लाभेना, तेव्हा घरी परत जाऊन दानधर्म करीत राहावे असे त्याच्या मनात आले. भगवंतांनी त्याला एवढेच विचारले : तू गृहस्थ असताना वीणा वाजवीत होतास ना? तारा फार ताणल्या तर वीणा वाजत असे का? फार सैल सोडल्या तर? सोणाला उत्तर ठाऊक होते. खेळाडूंच्या पालकांनी आणि प्रशिक्षकांनी ही कथा वाचावी. पहाटे चारला उठून पळणारे, दुखऱ्या गुडघ्यावर पट्टी बांधून पुन्हा मैदानावर येणारे, परीक्षा आणि सराव यांच्या मध्ये झोपेचा बळी देणारे विद्यार्थी आम्ही पाहिले आहेत. त्यांची जिद्द खरी होती; तार मात्र तुटत होती. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला आठ ते दहा तास झोप लागते. ती झोप सरावाचाच भाग आहे, हे वसतिगृहाच्या वेळापत्रकात उतरविण्यास आम्हांस फार वर्षे लागली.

श्वासाचे तर काय सांगावे! आनापानसतीचा अभ्यास आपल्या शाळेत प्रार्थनेनंतर दहा मिनिटे होतो, आणि मुले ती दहा मिनिटे संपण्याची वाट पाहतात, हेही आम्हांस माहीत आहे. परंतु कबड्डी हा खेळच श्वासावर उभा आहे. एका दमात ‘कबड्डी कबड्डी’ म्हणत तीस सेकंदांत चढाई करून परतायचे. घाबरलेल्या चढाईपटूचा दम आधी तुटतो, पाय नंतर. नाकाच्या टोकाशी येणारा-जाणारा श्वास पाहण्याची सवय असलेल्या मुलीला आपला दम कोठवर पुरेल, याचा अंदाज चांगला येतो, असे आमचे निरीक्षण आहे.

आता इतिहासाकडे वळू. कारण कणखरपणाविषयीचा सर्वांत मोठा खोटेपणा इतिहासातच दडला आहे. काही जाती लढाऊ, काही भित्र्या, असा सिद्धान्त इंग्रजांनी लष्करभरतीसाठी रचला. कोरेगावच्या स्तंभावर ज्यांची नावे त्यांनी स्वतःच कोरली, त्या महारांनाच पुढे याच सिद्धान्ताच्या आधारे भरतीतून वगळले. आपल्या समाजानेही तो सिद्धान्त सोयीने उचलला. आजही मैदानाच्या कडेला ‘ही पोरं शेवटाला ढेपाळतातच’ असे म्हणणारे भेटतात. मन ही जातीची मिळकत असती, तर पळवणकर बाळू झालेच नसते.

चर्मकार कुटुंबात जन्मलेल्या बाळूंनी पुण्यात पारशी खेळाडूंच्या क्लबात महिना तीन रुपयांवर खेळपट्टी झाडण्या-सारविण्याच्या कामाने सुरुवात केली. पुढे युरोपियनांच्या पूना जिमखान्यात चार रुपये पगार मिळाला. तेथे साहेबांना सरावासाठी ते तासन्‌तास गोलंदाजी करीत; फलंदाजी मात्र त्यांच्या वाट्याला येत नसे, असे इतिहासकार रामचंद्र गुहा यांनी नोंदविले आहे. त्यांची डावखुरी फिरकी इतकी प्रभावी ठरली की, पुण्याच्या हिंदू क्लबाला त्यांना संघात घेणे भाग पडले. मैदानावर त्यांनी फेकलेला चेंडू सवर्ण खेळाडू हाताळीत. चहाच्या वेळी मात्र त्यांना बाहेर, मातीच्या फेकून द्यावयाच्या भांड्यात चहा मिळे. 1906 मध्ये मुंबईत हिंदू संघाने युरोपियनांना हरविले, त्यात बाळूंचा वाटा मोठा होता. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. एवढे करूनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना मिळाले नाही. 1920 मध्ये या अन्यायाच्या निषेधार्थ त्यांचे बंधू शिवराम आणि विठ्ठल यांनी संघातून माघार घेतली. अखेर 1923 मध्ये विठ्ठल कर्णधार झाले.

बाबासाहेबांना तरुणपणी बाळूंविषयी मोठा आदर होता. पुढे 1937 च्या निवडणुकीत हेच बाळू काँग्रेसच्या तिकिटावर बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहिले आणि हरले. हे आम्ही झाकून ठेवीत नाही. इतिहास शिकविणाऱ्याला ती सवलत नसते. राजकारणातील मतभेद आपल्या जागी, त्या मातीच्या भांड्यातून चहा पिऊन पुन्हा चेंडू हाती घेणारे मन आपल्या जागी. आणि बंधूंची माघारही आम्ही कणखरपणातच मोजतो. सोसत राहणे एवढाच कणखरपणाचा अर्थ केला, तर तो अर्थ नेहमी सोसायला लावणाऱ्यांच्या सोयीचा ठरतो.

खाशाबा जाधवांची कथा शाळेत सांगितली जाते, पण तिचा अर्धाच भाग. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये फ्लायवेट गटात सहावा आला. मातीवर वाढलेल्या पैलवानाला तेथील गादी आणि तेथील नियम दोन्ही नवे होते. त्या पराभवातून त्यांनी उणीव नेमकी हेरली आणि चार वर्षे तिच्यावर मेहनत केली. हेलसिंकीसाठी निवड होताना आपल्यावर अन्याय झाला, अशी तक्रार त्यांनी थेट पतियाळाच्या महाराजांकडे नेली आणि कुस्ती पुन्हा करवून घेऊन जिंकली. 1952 मध्ये बँटमवेट गटात त्यांनी कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. न सांगितला जाणारा अर्धा भाग असा : प्रवासखर्चासाठी गावकऱ्यांनी वर्गणी गोळा केली, आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांचे मन पोलादी होते खरे, पण त्या मनामागे एका प्राचार्याचे घर गहाण होते. एखादा विद्यार्थी मनाने खचला की आपण त्याच्यातच खोट शोधतो. त्याच्यामागे कोण उभे होते, हा प्रश्न आपण विचारीत नाही.

मुरलीकांत पेटकर सैन्यात मुष्टियोद्धे होते. 1965 च्या युद्धात गोळ्या लागून त्यांना कायमचे अपंगत्व आले. त्यांनी खेळ सोडला नाही, खेळाचा प्रकार बदलला. 1972 मध्ये जर्मनीतील हायडेलबर्ग येथील पॅरालिंपिकमध्ये 50 मीटर जलतरणात सुवर्णपदक मिळविले. मुष्टियोद्धा म्हणून मिळणारे यश त्यांना पुन्हा लाभणार नव्हते, आणि ते सत्य त्यांनी मान्य केले. मान्य करणे ही हार असते, असे आपल्याला लहानपणापासून शिकविले जाते. ते शिक्षण चुकीचे आहे.

याच ओघात अमेरिकेच्या सिमोन बाइल्सचे नाव घेतो. टोकियोत 2021 मध्ये हवेत उलटी फिरताना आपल्याला दिशेचे भान राहत नाही, असे लक्षात येताच तिने बहुतेक स्पर्धांतून माघार घेतली. जगभर टीका झाली. तिने उपचार घेतले, विश्रांती घेतली आणि पॅरिसमध्ये तीन सुवर्णपदके मिळविली. पाय मोडला तर आपण डॉक्टरांकडे जातो. झोप उडाली, जेवण जाईना, खेळाचे नाव काढले की रडू येते, अशी अवस्था दोन-तीन आठवडे टिकली तर तीही डॉक्टरांकडे नेण्याचीच गोष्ट आहे. पालकांनी यात कमीपणा मानू नये.

आता एक कबुली. काही वर्षांपूर्वी आमच्या मुलींचा कबड्डीचा संघ तालुका आणि जिल्हा जिंकून अमरावती विभागाच्या स्पर्धेत पोहोचला होता. अखेरचे मिनिट, दोन गुणांची पिछाडी, आणि ‘करा किंवा मरा’ची चढाई. आमची सर्वांत चपळ मुलगी गेली आणि मध्यरेषेपासून हातभर अंतरावर पकडली गेली. परतीच्या गाडीत आम्ही सर्वांदेखत म्हणालो, “एवढं शिकवून शेवटी तू घाबरलीसच.” आम्हांस ते एक वाक्य वाटले होते. ती मुलगी वर्षभर मैदानावर आली नाही. अभ्यासाचे कारण सांगत राहिली. पहिला बाण तिला अमरावतीला लागला. दुसरा आम्ही गाडीत मारला. सुत्त तोंडपाठ असलेल्या माणसाने तो मारावा, याची आम्हांस अजून लाज वाटते.

त्यानंतर मैदानावर आम्ही सर्वांनी मिळून काही गोष्टी बदलल्या. सामना संपल्यावर त्या दिवशी चुकांची चर्चा करायची नाही. आधी पाणी, मग जेवण, मग झोप. दुसऱ्या दिवशी चर्चा, तीही ‘कोण चुकले’ या प्रश्नाने सुरू करायची नाही. सरावात मुद्दाम अखेरचे मिनिट खेळवायचे : गुणफलक मागे दाखवायचा, बाहेर उभ्या मुलांना आरडाओरडा करायला सांगायचे, दमलेल्या मुलीला चढाईला पाठवायचे. दडपण ओळखीचे झाले की त्याचा धाक कमी होतो. प्रत्येक खेळाडूला एक वही दिली आहे. तीत निकाल लिहायचा नाही. आज कोणती गोष्ट ठरविली होती आणि ती झाली का, एवढेच लिहायचे. वह्या नियमित लिहिल्या जात नाहीत, हे खरे आहे. काही मुले परीक्षेच्या आदल्या रात्री गृहपाठ उतरवावा तशी महिन्याची वही एका बैठकीत भरतात. तरी चालेल. पालकांनाही विनंती केली आहे की, दूरध्वनीवर पहिला प्रश्न ‘जिंकली का?’ हा नसावा.

ती मुलगी वर्षाने परत आली. कोणी बोलावले म्हणून नव्हे, तिची तीच. दहावीनंतर ती शाळेतून गेली, आणि आता पोलीस भरतीची तयारी करीत आहे. गेल्या हिवाळ्यात ती भेटायला आली तेव्हा मैदानावर सातवीच्या मुलींचा सराव चालू होता. तीही चप्पल काढून आत उतरली. एक लहानशी मुलगी चढाईत पकडली गेली आणि डोळे पुसत बाजूला जाऊन बसली. आम्ही पुढे होणार, तोच ही तिच्याजवळ उकिडवी बसली. थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग विचारले, “परत फिरताना तुझा डावा पाय कुठं होता गं?” लहानीने जमिनीवर बोटाने रेघ ओढून दाखविली. दोघी त्या रेघेकडे पाहत बसल्या.